आफ्रिकेतून परतलेल्या पोर्तुगीजांचं पुढे काय झालं?

प्रश्न (म्हापसा):
शेजारच्या काकांकडे 'लोरेन्सो मार्किश' (मोझांबिकची राजधानी, आजचं मापुतो) असं काळ्या रंगात लिहिलेली भलीमोठी लाकडी पेटी आहे. आता तिच्यात उकडे तांदूळ असतात. काका १९७५ साली मोझांबिक सोडून आधी लिस्बनला गेले. तिथे पोचलेल्या गोऱ्यांचं काय झालं? गोव्यातून १९६१ नंतर गेले तसेच का?

उत्तर (मडगाव):
नाही हो. गोव्यात गोरे मुळात थोडे, त्यांतही सैनिक नि अधिकारी जास्त. सैनिक कैदेत होते, १९६२ च्या मे महिन्यात परत गेले. अंगोला-मोझांबिकमध्ये मात्र शेती, दुकानं, संसार थाटलेले लोक होते. एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सत्ता उलथली, पुढच्या वर्षी दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि सुमारे पाच लाख माणसं पोर्तुगालात उतरली. एक कोटीहून कमी वस्तीच्या देशात! लिस्बनमधल्या बेलें भागात नदीकाठी अशाच पेट्यांचे ढीग लागले होते. सरकारने हजारोंना हॉटेलांत ठेवलं. वसाहतीतल्या नोटांना तिथे कोणी विचारेना. कित्येकांचा जन्मच आफ्रिकेतला, त्यांना स्थानिकांचे टोमणे ऐकावे लागले. त्या पोरांबद्दल मला फार वाईट वाटतं.

उत्तर (फोंडा):
एक राहिलंच. गोवा मुक्त होताच पोर्तुगीजांनी मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली आणि हाकललं. त्या व्यापाऱ्यांची आठवण इथे कोणी काढत नाही, हे मला खटकतं.

प्रश्नकर्ती:
हे ठाऊक नव्हतं. काकांना विचारते, ते बोलले तर इथे लिहीन.