मागच्या फ्लिपरचं काम
बडोद्याच्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा पाहून कुणीतरी म्हटलंय, प्लेसिओसॉरही (डायनासोरांच्या काळातला समुद्री सरीसृप) शेपटीनेच पोहत असणार. देवमासा, इक्थिओसॉर (त्याच काळातला, माशासारख्या आकाराचा समुद्री सरीसृप) यांना ते लागू. त्यांचे पुढचे फ्लिपर, म्हणजे पोहायचे चपटे अवयव, मुख्यतः वळायला. प्लेसिओसॉरची शेपूट आखूड, सगळा जोर चार फ्लिपरांत. तेही वल्ह्यासारखे मागे ओढायचे नाहीत, तर समुद्री कासवासारखे वर-खाली, पातं पिळत. खांद्याची नि कमरेची हाडं पोटाकडून रुंद, सपाट. खालच्या फटक्याच्या स्नायूंना पकड भरपूर. खरी गंमत मागच्या जोडीची! पुढच्या फ्लिपरांनी सोडलेल्या भोवऱ्यांच्या मधून ती नेमक्या वेळी हलली, तर २०१७च्या टाकीतल्या प्रयोगांत तिचा रेटा ६० टक्क्यांपर्यंत वाढला. ताल चुकला की तेच भोवरे आडवे येतात आणि फायदा पाण्यात.