मदत हवी आहे : कर्वेनगरमध्ये रात्री साडेआठनंतर उघडं असणारं किराणा दुकान

नमस्कार मंडळी. आई कर्वेनगरला एकटी राहते, वय ७६. कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान पूर्वी सकाळी सातला उघडायचं ते रात्री दहापर्यंत. दुपारी एक ते चार बंद, पण ते पुण्यात गृहीतच! आता सकाळी साडेनऊला शटर वर जातं, रात्री आठला खाली येतं, आणि रविवारी दुपारनंतर पूर्ण बंद. परवा आई आठ वाजून पाच मिनिटांनी पोचली, तर शटर अर्धं खाली. वाकून पाव किलो तूरडाळ मागितली, आतून उत्तर आलं, "काकू, हिशेब बंद केला."

त्यांचाही दोष नाही म्हणा. मुलगा नोकरीला लागला, कामाला पोरगा टिकत नाही, आणि गिऱ्हाईक दहा मिनिटांत घरपोच आणणाऱ्या ॲपवर गेलंय. २०१७ च्या कायद्याने राज्यात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा दिली, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे.

आईला ॲप जमत नाही. ओटीपी आला की ती मलाच फोन लावते, आणि मी नाशिकला. शिवाय तिला वहीवर लिहून महिनाअखेर पैसे द्यायची सवय.

तर, त्या भागात फोनवर यादी घेऊन सामान घरी पाठवणारं, किंवा निदान नऊपर्यंत उघडं असणारं दुकान कुणाला माहीत आहे का? लिफ्ट नाही, दुसरा मजला आहे.