रक्तदानानंतरचा थकवा आणि शाकाहारी कीटो आहार

मुळाकाठ :
सप्रेम नमस्कार. माझे वय ४३ असून गेल्या दिवाळीनंतर मी कीटो (अत्यल्प कर्बोदके व भरपूर स्निग्ध पदार्थ असलेला) आहार सुरू केला आहे. मी शाकाहारी आहे, अंडी मात्र खातो. दिवसभरातील कर्बोदके ३० ग्रॅमच्या आत ठेवतो, त्यामुळे ताटात प्रामुख्याने पनीर, चीज, तूप, बदाम, फ्लॉवर आणि पालक असतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची ४० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू आहे.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या संकुलातील शिबिरात रक्तदान केले. हिमोग्लोबिन १३.२ भरले आणि ४५० मिलिलिटरची पिशवी घेतली गेली. बिस्किटे व गोड सरबत आहारात बसत नसल्यामुळे मी फक्त बिनसाखरेची काळी कॉफी घेतली. त्या संध्याकाळी खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ती दुसऱ्या दिवशी थांबली, परंतु नेहमीची टेकडी चढताना अजूनही धाप लागते. पूर्वी, भात-पोळी खात असताना, रक्तदानानंतर असा त्रास कधी झाला नव्हता. अशा वेळी काही दिवस साखर खावी का, की कीटोच सोडून द्यावा?

पिशवी_आणि_सुई :
मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आपल्या वर्णनात दोन निरनिराळे थकवे एकत्र आले आहेत असे मला वाटते, आणि दोहोंवरचा उपाय वेगळा आहे.

संध्याकाळची अंधारी पाणी आणि मीठ कमी पडल्याची असावी. कर्बोदके घटली की इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडे सोडियम जास्त प्रमाणात बाहेर टाकू लागतात. शिवाय यकृतात व स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन (शरीरातील साखरेचा राखीव साठा) स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून असते, तो साठा आटला की तेही पाणी जाते. म्हणजे कीटो करणारा रक्तदाता खाटेवर आडवा होण्यापूर्वीच काहीसा कोरडा असू शकतो. त्यात ४५० मिलिलिटर रक्तातून साधारण २ ग्रॅम मिठाइतके सोडियम जाते. त्याच पिशवीतून जाणाऱ्या साखरेचा हिशेब मांडला, तर ती अर्धा ग्रॅमच्या आसपासच भरते! त्यामुळे बिस्किटे नाकारल्याने फारसे बिघडले नाही, पण त्यांच्या जागी मीठ घातलेले ताक किंवा बिनसाखरेचे लिंबूपाणी भरपूर घ्यायला हवे होते. (खरे सांगायचे तर, त्या खाऊचा एक उद्देश दात्याला दहा-पंधरा मिनिटे आमच्या नजरेसमोर बसवून ठेवण्याचाही असतो.)

पुढच्या खेपेस रक्तदानापूर्वी अर्धा लिटर पाणी प्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमही नाही. ते आपल्या मर्यादेत सहज बसेल. औषधांच्या दुकानातील तयार, चवदार खोक्यांवरचे साखरेचे आकडे मात्र वाचून घ्यावेत.

प्लाझ्माचे (रक्तातील द्रवभागाचे) प्रमाण एक-दोन दिवसांत भरून येते. दोन आठवड्यांनंतरच्या धापेचे कारण त्यामुळे दुसरीकडे शोधायला हवे.

हळीव :
ते कारण बहुधा लोह. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. आपल्या आकड्यांवरून पाहिले तर त्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह गेले. आहारातून शरीर दिवसाला साधारण एक-दोन मिलिग्रॅमच शोषून घेते, आणि त्यातील बरेचसे रोजच्या झिजेतच खर्च होते.

पनीर आणि चीज यांत लोह नगण्य असते, उलट त्यांतील कॅल्शियम जेवणातल्या इतर लोहाच्या शोषणात अडथळा आणते. जेवणाबरोबरचा चहा-कॉफीही तेच करते. पालकात लोह दिसते खरे, पण त्यातले फार थोडे अंगी लागते. बाजरी, मटकी, हरभरे आणि खजूर तर कीटोमुळे ताटातून गेलेच आहेत. मांसाहारी माणसाला कलेजी किंवा तिसऱ्यांचा आधार असतो. शाकाहारी कीटोमध्ये लोहाची बाजू फारच लंगडी राहते, हे आहारतज्ज्ञ म्हणून मी स्पष्टच सांगते. नारळाच्या दुधात भिजवलेले चमचा-दोन चमचे हळीव (गूळ न घालता), तीळ आणि भोपळ्याच्या बिया घ्याव्यात, सोबत आवळा किंवा लिंबू असावे, आणि हे सर्व पनीरच्या जेवणापासून वेगळ्या वेळी खावे.

तरीही केवळ आहाराने भरपाई फार सावकाश होते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ३७.५ मिलिग्रॅम लोह घेणाऱ्या दात्यांचे हिमोग्लोबिन लवकर सावरले. गोळी न घेणाऱ्या दोन-तृतीयांश दात्यांचा लोहसाठा मात्र १६८ दिवसांनीही पूर्ववत झाला नव्हता. फेरिटिनची (शरीरातला लोहसाठा दाखवणारी) तपासणी करून घ्यावी आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

दवाखाना_वरचा_मजला :
टेल्मिसार्टनकडे वरच्या दोन्ही उत्तरांत दुर्लक्ष झाले आहे. वजन आणि शरीरातले पाणी घटले की रक्तदाब आपोआप उतरतो, आणि जुन्या मात्रेची गोळी मग जास्त होऊ शकते. प्रथम बसून आणि लगेच उभे राहून रक्तदाब मोजावा; मीठ वाढवायचे की गोळी कमी करायची, हे ते आकडे पाहून आपल्या डॉक्टरांनी ठरवावे, आपण परस्पर गोळी बंद करू नये. ‘कमी सोडियमचे’ मीठ या गोळीबरोबर टाळावे, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि टेल्मिसार्टनमुळे पोटॅशियम शरीरात साठते. चढताना छातीत दडपण येत असेल, तर लोहाची वाट न पाहता ईसीजी काढावा.

इतर वाचकांसाठी आणखी एक गोष्ट : मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कीटो करूच नये. रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही त्यांना रक्त घातक पातळीपर्यंत आम्लधर्मी करणारा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, आणि त्याची सुरुवातही थकवा व मळमळ यांनीच होते.

मुळाकाठ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उभ्याने रक्तदाब ९८/६४ आला, फेरिटिन १४ निघाले आणि ईसीजी सामान्य आहे. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन २० मिलिग्रॅमवर आणून लोहाची गोळी सुरू केली आहे. त्यांच्या मते कीटो सोडण्याची सक्ती नाही. पुढील रक्तदान केव्हा करावे?

हळीव :
नियमाप्रमाणे पुरुषांना ९० दिवसांनी रक्तदान करता येते, परंतु १४ हे फेरिटिन पाहता आपण त्या तारखेला बांधून घेऊ नये. शिबिरात फक्त हिमोग्लोबिन पाहतात, आणि ते साडेबाराच्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासा आणि ते पुरेसे वाढले असेल तरच नाव नोंदवा. तोपर्यंत लोहाची गोळी कॉफीबरोबर घेऊ नका.

पिशवी_आणि_सुई :
आणि पुढच्या वेळी अर्ज भरताना रक्तदाबाच्या गोळीची मात्रा अलीकडे बदलली असल्यास ते आवर्जून लिहा. आमच्याकडे त्याची विचारणा होते.