‘ओकामी’तला इस्सुन हा गोष्टीतलाच इस्सुन-बोशी मानावा का?

अमळनेरकर

नमस्कार मंडळी, जाणत्यांचे मत हवे आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि गोष्ट ऐकल्याशिवाय त्याला झोप येत नाही. घरच्या गोष्टी सांगून संपल्या, तेव्हा मी त्याला जपानमधली इस्सुन-बोशीची गोष्ट सांगितली. मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला नवसाने मुलगा होतो, पण तो बोटाच्या पेराएवढाच राहतो. पुढे भाताच्या वाडग्याची होडी, जेवायच्या काडीचे वल्हे आणि शिवणाच्या सुईची तलवार घेऊन तो राजधानीला जातो आणि एका सरदाराच्या घरी चाकरीला राहतो. त्या घरच्या मुलीवर धावून आलेला राक्षस त्याला गिळतो, तेव्हा तो आतून सुईने टोचून राक्षसाला इतका बेजार करतो की राक्षस त्याला ओकून पळत सुटतो. पळताना राक्षसाच्या हातून पडलेल्या जादूच्या हातोडीने तो पुरा माणसाएवढा होतो. ही गोष्ट मुलाला इतकी आवडली की आईच्या डब्यातली सुई कमरेला खोचून तो दोन दिवस घरभर फिरत होता. शेवटी ती सुई काढून घेऊन मी त्याला खराट्याची काडी दिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या मामाने ‘ओकामी’ हा जपानी व्हिडिओ गेम आणून दिला. त्यात पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवी अमातेरासू आहे आणि तिच्या डोक्यावर बसून सतत बोलणारा इस्सुन नावाचा बोटभर माणूस आहे. मुलाने नाव वाचताच ओळखले, पण थोड्याच वेळात तो हिरमुसला. हा इस्सुन बढाया मारतो, चिडतो, देवीलाच नावे ठेवतो आणि बाई दिसली की तिच्याभोवती घोटाळतो. पुढे तर त्या हातोडीने मोठे होण्याऐवजी उलट लहानच व्हायचे आहे, असे त्याच्या मामाकडून कळले. मुलाचा प्रश्न साधा आहे : “हा तोच आहे का?” मला त्याला खोटे उत्तर द्यायचे नाही. गेमने गोष्टीशी इमान राखले आहे की नुसते नाव उचलले आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला हा गेम द्यावा का, हे कृपया सांगावे.

धुळ्याची वाचक

दादा, मी शाळेत शिकवते, आणि हा गेम मी दोन वेळा पूर्ण खेळले आहे. तुमच्या मुलाला ‘हो, तोच आहे’ असे खुशाल सांगा. फक्त आपण सांगतो त्या गोष्टीच्याही आधीचा तो आहे.

इस्सुन-बोशीची गोष्ट ‘ओतोगी-झोशी’ या मध्ययुगीन जपानी कथांमध्ये येते, आणि त्या जुन्या रूपातला नायक मुळीच गुणी बाळ नाही. सरदाराच्या मुलीशी लग्न करायचे त्याच्या मनात भरते, तेव्हा ती झोपलेली असताना तो तिच्या तोंडाला तांदळाचे दाणे लावतो आणि हिने माझे तांदूळ चोरून खाल्ले अशी तक्रार करतो. बाप चिडून मुलीला घराबाहेर काढतो आणि ती याच्याबरोबर निघते. पुढे लहान मुलांसाठी पुस्तके झाली तेव्हा हा भाग गाळला गेला आणि शूर, आज्ञाधारक इस्सुन तेवढा उरला. गेममधला आगाऊ, लबाड, बायकांपुढे मिरवणारा इस्सुन मला त्या जुन्या कथेच्या जास्त जवळचा वाटतो. आपल्याकडेही आजीने सांगितलेल्या गोष्टीतला कोल्हा आणि शाळेच्या पुस्तकातला कोल्हा यांत असाच फरक पडतो.

आता हातोडीचे. पुढचा थोडा भाग उघड करते आहे, चालत नसेल तर हा परिच्छेद सोडा. राजधानीवर विषारी धुके पसरलेले असते आणि लोक आजारी पडत असतात. बुडालेल्या जहाजातून मिळालेल्या हातोडीने अमातेरासू इस्सुनएवढी होते, राजवाड्यात शिरते आणि शेवटी खुद्द सम्राटाच्या शरीरात उतरून तिथे दडलेल्या रोगराईच्या राक्षसाशी लढते. हे शांतपणे गोष्टीशेजारी ठेवून पाहा. गोष्टीत लहानगा राक्षसाच्या पोटात जातो आणि हातोडीने मोठा होतो. इथे देवी हातोडीने लहान होते आणि माणसाच्या पोटात जाऊन राक्षसाला गाठते. गोष्टीचे सगळे सामान तेच आहे, फक्त आतबाहेर फिरवले आहे, आणि मूळ गोष्ट मनापासून ठाऊक असलेल्या माणसालाच असे फिरवणे सुचते. मूळ गोष्टीत हातोडीशिवाय लहानग्याला किंमत येत नाही, हे मला नेहमी खटकत आले आहे. इथे प्रत्यक्ष सूर्यदेवीला त्याच्या उंचीला यावे लागते, हे मला फार आवडले.

तापीकाठ, भुसावळ

ताईंनी कथेचे सांगितले, मी खेळण्याचे सांगतो, कारण माझ्या मते गोष्टीचा खरा मान राखला आहे तो कुंचल्याने. २० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ या खेळयंत्रावर हा गेम आला. क्लोव्हर स्टुडिओने तो केला, दिग्दर्शन हिदेकी कामिया यांचे आणि प्रकाशन कॅपकॉमचे. सुरुवातीला चित्रे वास्तवासारखी करण्याचा बेत होता. ते त्या यंत्राला जड जाऊ लागले, म्हणून शाई आणि कुंचल्याच्या जपानी चित्रकलेची शैली घेतली गेली, आणि त्यातून देवीचा कुंचला हीच खेळाची मुख्य युक्ती झाली. बटण दाबले की समोरचे जग थांबते, पडदा कागदासारखा होतो आणि त्यावर आपण रेघ ओढायची. वाळलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की बहर येतो, आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो, चंद्रकोर काढली की रात्र होते आणि शत्रूवर आडवी रेघ मारली की तो चिरला जातो. शाई मात्र मोजकीच असते. ती संपली की पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते.

सुसानो नावाचा एक बढाईखोर, दारूबाज तलवारबाज यात आहे. तो वार करतो त्याच क्षणी ती रेघ गुपचूप आपण ओढायची असते आणि श्रेय त्याला मिळते. माझ्या पुतणीला हा भाग सगळ्यांत जास्त आवडला. तो आपल्याच पराक्रमावर खूश होऊन नाचतो तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसत असते आणि त्याला खरे कळू नये म्हणून मला गप्प राहायला सांगते.

वयाचे म्हणाल तर अमेरिकेत या गेमला तेरा वर्षांपुढील मुलांसाठीचा शिक्का आहे. इस्सुनची छचोर बोलणी आहेत, आणि आठ तोंडांच्या ओरोची सापाला मद्य पाजून गुंगवावे लागते. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याला देऊ नका, शेजारी बसा. तसेही बसावेच लागेल, कारण पात्रे नुसती पुटपुटतात, खरे बोलणे पडद्यावर इंग्रजीत उमटते आणि ते पुष्कळ आहे. खेळ तीस तासांपेक्षा मोठा आहे, तेव्हा एका सुट्टीत संपवण्याची घाई करू नये.

आपल्या भागासाठी आणखी एक. केलेला खेळ फक्त गेममधल्या ठरावीक आरशांपाशी साठवता येतो. मे महिन्यात दुपारी वीज जाते हे वेगळे सांगायला नको. तासाभराची मेहनत वाया गेली की मुलाचे तोंड बघवत नाही. आरसा दिसला की साठवायची सवय लावा. मामाने स्विच हे हातात धरायचे खेळयंत्र दिले असेल तर चिंता नाही. ते बॅटरीवर चालते आणि त्याच्या पडद्यावर बोटानेच रेघ ओढता येते, जी लहान हाताला खेळयंत्राच्या फिरत्या दांडीपेक्षा सोपी जाते.

नंदुरबारहून

माझे मत थोडे वेगळे आहे. या गेममध्ये इस्सुन आहे, बांबूतून निघालेली कागुया आहे, समुद्रातल्या ड्रॅगनच्या महालात जाऊन आलेला उराशिमा आहे, चिमण्यांची सराई आहे, आणि शिवाय पुराणातली अमातेरासू आणि सुसानो आहेत. प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे ऐकलेल्या जपानी मुलाला हा मेळा वाटत असेल. आपल्या मुलाला मात्र कोण कुठला हे कळत नाही आणि सगळे एकाच गोष्टीतले वाटतात. कागुयाची गोष्ट मी स्वतः खेळल्यानंतर वाचली, आणि चंद्राकडे परत जाण्यातली तिची व्याकुळता मला गेममध्ये अजिबात जाणवली नव्हती, याचे वाईट वाटले. म्हणून दादा, आधी गोष्ट आणि मग खेळ हा तुमचा क्रम काहीही झाले तरी मोडू नका.

धुळ्याची वाचक

हा आक्षेप मला मान्य आहे. कागुयाला खरोखरच कमी जागा मिळाली आहे. इस्सुनचे मात्र तसे नाही. शेवट सांगत नाही, पण एवढे ध्यानात असू द्या : तो हिंडता चित्रकार आहे आणि देवाची चित्रे काढून लोकांची श्रद्धा जागी करणे हे त्याच्या वाट्याला आलेले काम तो सबंध खेळभर टाळत असतो. या गेममध्ये देवीची शक्ती लोकांच्या स्मरणावर आणि स्तुतीवर वाढते. आपल्याकडे खानदेशात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला मुंबई-सुरतेला गेलेला भाऊबंदही गावी परततो, रात्रभर गाणी होतात आणि एरवी रिकाम्या असणाऱ्या घरात देवी आल्यासारखी वाटते. ते पाहत वाढलेल्या मुलाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. इस्सुन आपले काम अखेर केव्हा आणि कसे करतो ते मुलाबरोबर बसूनच पाहा, आणि ‘तोच आहे का’ हा प्रश्न त्याला तेव्हा पुन्हा विचारा.

अमळनेरकर

सर्वांचे मनापासून आभार. यंत्र स्विचच आहे. काल रात्री मी मुलाला तांदळाच्या दाण्यांची जुनी हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “म्हणजे तो आधीपासूनच असाच होता.” त्याचा राग बऱ्यापैकी उतरलेला दिसला. आमची आई खाटेवर बसून ऐकत होती. तिला गेम कळत नाही, पण नवसाचा आंडोर (मुलगा) आणि सुईची तलवार एवढे ऐकल्यावर तिने तीच गोष्ट अहिराणीत पुन्हा सांगायला घेतली, आणि तिच्या सांगण्यात वाडग्याची होडी बोरी नदीतून निघाली.

आज सकाळी त्याने आजीला शेजारी बसवून पडद्यावरच्या वाळक्या झाडाभोवती बोटाने वर्तुळ काढले. पहिल्या दोन वेळा ते जुळले नाही, तिसऱ्यांदा जुळले आणि झाड फुलांनी भरून गेले. आईने चष्मा पुसला आणि दुसरे झाड कुठे आहे असे त्याला विचारले. चिमण्यांच्या सराईपर्यंत पोहोचायला आम्हाला अजून वेळ आहे. ताई, त्या चिमण्यांमागची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल तर इथे सविस्तर लिहाल का? तिथे जाण्याआधी ती मला घरात सांगायची आहे.