आईच्या परफ्यूमची उरलेली बाटली वापरू की जपून ठेवू?

ओलीमाती:
आईला जाऊन तीन वर्षं झाली. तिची परफ्यूमची बाटली माझ्याकडे आहे (ती शेवटपर्यंत ‘सेंट’च म्हणायची). तळाशी दोन बोटं उरलाय, रंग पार तपकिरी झालाय. परवा मनगटावर एकदाच मारला आणि धस्स झालं. नुसता आंबूस, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपका. वाटलं, गेलं हेही. वीसेक मिनिटांनी केस मागे घेताना हात नाकाजवळ आला आणि आई समोर उभी. बाहेर निघताना माझ्या स्वेटरची वरची गुंडी लावायला ती वाकायची ना, तेव्हाचा वास. अगदी तोच. मी तिथेच खाली बसले.

त्याच नावाची नवी बाटलीही आणली. सुरुवात बरीचशी तशीच, पण पुढे आई येतच नाही. माझंच नाक विसरलंय का? आणि उरलेल्याचं काय करू? धाकटी बहीण म्हणते, हात लावू नकोस. मला भीती वाटते की नुसता ठेवूनही उडून जाईल.

बकुळ:
नाक विसरलेलं नाही. लिंबूवर्गातले हलके वास हवा, उजेड आणि उष्णतेने आधी बिघडतात. चंदन, कस्तुरीसारखे जड वास मागे टिकून राहतात. आई वीस मिनिटांनी भेटली ती त्यामुळेच. वासाचा संदेश इतर इंद्रियांसारखा आधी थॅलॅमसकडे (मेंदूतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाकडे) जात नाही, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी जवळजवळ थेट पोचतो. म्हणून आधी माणूस येतं, वासाचं नाव नंतर सुचतं.

नव्या बाटलीचं म्हणाल तर नाव तेच राहतं, आतलं सूत्र बदलतं. कितीतरी जुने परफ्यूम ओकमॉस या शैवाकाच्या (दगडफुलासारख्या वनस्पतीच्या) अर्कावर उभे होते. त्यातल्या दोन घटकांनी त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून नव्या उत्पादनांत ते बंद केले. फुलांचा वास देणारं लिलियल २०२२ मध्ये गेलं. तुमच्या बाटलीत नेमकं काय बदललं ते सांगता येणार नाही, पण फरक खरा असू शकतो.

बाटली खोक्यात घालून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बाथरूममध्ये नको. पंप उचकटू नका, हवा शिरेल. आठवण आली की कागदाच्या पट्टीवर एकदा मारा आणि थांबा.

निळीशाई:
एकच सांगतो, रोज हुंगू नका. बाबा गेल्यावर मी त्यांचं आफ्टरशेव्ह महिनाभर रोज उघडत होतो. आता त्या वासाने बाबा आठवत नाहीत, तो रिकामा महिना आठवतो. त्यांचा लोकरी मफलर मात्र पिशवीत बांधून ठेवला होता, त्याला मी फारसा हात लावला नव्हता. त्यात ते अजून आहेत. तुमच्या आईंचे लोकरीचे कपडे आहेत का? लोकर वास धरून ठेवते. आणि मफलरमध्ये नुसतं आफ्टरशेव्ह नाही, बाबांचा स्वतःचा वासही आहे. तो कुठल्याच बाटलीत मिळायचा नाही.

ओलीमाती:
निळीशाई, तुमचं वाचून रात्रीच ट्रंक उघडली. करड्या स्वेटरच्या गळ्यापाशी आहे! अगदी पुसट, पण आहे. बहिणीला फोन केला, दोघी बराच वेळ काही बोललोच नाही. रविवारी येतेय ती. पट्टीवर एकदा मारणार आणि वीस मिनिटं थांबणार. बाटली माझ्याकडे राहील, स्वेटर ती नेईल.