शब्दचर्चा: शोधनिबंध ‘मागे घेतला’, ‘रद्द केला’ की ‘हटवला’?

प्रश्न

एका संशोधन-नियतकालिकाची प्रकाशननीती मराठीत आणते आहे. वाङ्मयचौर्य, हितसंबंध, समीक्षक हे शब्द रुळलेले आहेत, तिथे अडचण आली नाही. अडले ते ‘रिट्रॅक्शन’पाशी, म्हणजे छापून झालेला निबंध आता विश्वासार्ह नाही असे अधिकृतपणे जाहीर करण्यापाशी. बातम्यांत ‘निबंध मागे घेतला’, ‘रद्द केला’, ‘हटवला’, ‘माघार घेतली’ असे सगळे प्रकार दिसतात. अर्थ एकच आहे का? नियमांत कोणता शब्द ठेवावा?

प्रतिसाद

अर्थ एक नाही. ‘हटवला’ तर आधी काढून टाका. रिट्रॅक्शन झालेला निबंध नाहीसा होत नाही. तो जागेवरच राहतो, त्यावर ठळक शिक्का येतो आणि त्याला जोडून सूचना प्रसिद्ध होते. याचे कारण साधे आहे: त्या निबंधाचा आधार घेऊन इतरांनी पुढे काम केलेले असते, त्यांना नेमके काय कोसळले ते पाहता आले पाहिजे. मजकूर खरोखर काढून टाकणे ही वेगळी कृती आहे आणि ती क्वचित होते, उदाहरणार्थ बदनामीचा कायदेशीर प्रश्न असेल किंवा मजकुरामुळे कोणाच्या आरोग्याला धोका असेल तेव्हा.

‘माघार’ही नको. निवडणुकीतून माघार, लढाईतून माघार. त्यात चालू असलेली गोष्ट अर्ध्यावर सोडल्याचा भाव आहे. इथे निबंध छापून झालेला असतो.

मी ‘मागे घेणे’ ठेवीन, पण एका अटीवर: कर्ता लिहायचाच. आपण शब्द मागे घेतो, आरोप मागे घेतो, राजीनामा मागे घेतो. ज्याने दिले तोच मागे घेतो, हे या क्रियापदात गृहीत आहे. म्हणून नुसते ‘निबंध मागे घेण्यात आला’ असे वाचले की लेखकानेच घेतला असे वाटते, आणि पुष्कळदा ते खरे नसते.

ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८चा निबंध पाहा. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला. २००४ साली १३ पैकी १० लेखकांनी त्यातला तो अन्वयार्थ मागे घेतला. वेकफिल्ड त्या दहांत नव्हते. अख्खा निबंध मागे घेतला गेला २०१०मध्ये, आणि तो घेतला नियतकालिकाने. दोन्हीकडे क्रियापद एकच, पण कर्ता वेगळा आणि कर्मही वेगळे. कर्मणी प्रयोगाच्या आड हे दोन्ही गाडले, तर वाचकाला जबाबदारी कोणाची ते कळतच नाही.

लेखक तयार नसताना नियतकालिक काय ‘मागे घेते’, असा प्रश्न येईल. ते स्वतःचे प्रकाशन मागे घेते, त्या निबंधामागे उभी केलेली आपली पत काढून घेते. त्यामुळे ‘नियतकालिकाने मागे घेतला’ हे मराठीतही चोख बसते.

प्रतिसाद

मला ‘रद्दबातल’ अधिक नेमका वाटतो. रद्दबातल ठरलेला दस्तऐवज कागद म्हणून उरतो, फक्त त्याला बळ राहत नाही. वर सांगितलेली स्थिती हीच ना? शिवाय ‘मागे घेतला’ फार सौम्य आहे. आकडे बनवून लिहिणाऱ्याला तो शब्द पाठीशी घालतो.

प्रतिसाद

दस्तऐवजाचा मुद्दा बिनतोड आहे. पण शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. मागे घेणे ही शिक्षा नव्हे. ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ (कोप) ही संपादकांनी १९९७ साली सुरू केलेली संस्था. तिच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की हेतू ज्ञानाची नोंद दुरुस्त करण्याचा आहे, लेखकाला दंड करण्याचा नाही. बनावट आकडे हे एक कारण, तसेच प्रामाणिक चूक हेही कारण.

२०१८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस आर्नल्ड यांनी २०२०च्या आरंभी ‘सायन्स’ या नियतकालिकातला आपला निबंध मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर निष्कर्ष तसे येईनात, हे त्यांनी स्वतः जाहीर केले. त्याला ‘रद्दबातल ठरला’ म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या भाषेत या कृतीला शिक्षेचाच शब्द असेल, तर चूक सापडलेला कोणता तरुण संशोधक आपणहून पुढे येईल?

गैरप्रकाराबद्दल कडक बोलायचे असेल तर ते कारणात बोलावे. कोण मागे घेत आहे आणि का, हे दोन्ही सूचनेत असावे, अशीच कोपची अपेक्षा आहे. ‘आकडे बनावट असल्याचे आढळल्याने संपादकांनी निबंध मागे घेतला’ यात सौम्य काही उरत नाही.

प्रश्नकर्ती

पटले. कलम असे केले: ‘निबंध कोणी मागे घेतला (लेखक, संपादक की दोघे) आणि कोणत्या कारणाने, हे सूचनेत नमूद असेल, मूळ मजकूर शिक्क्यासह उपलब्ध राहील.’ प्रसिद्धीपूर्वी लेखकाने निबंध परत नेला तर ‘परत घेणे’ वापरते. छोट्या दुरुस्तीला ‘शुद्धिपत्र’ आहेच. उरले ‘एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न’. ‘चिंता व्यक्त केली’ फार मोघम वाटते.

प्रतिसाद

ते शोकसंदेशासारखे वाटते. चौकशी चालू आहे, निर्णय झालेला नाही, पण वाचकाने तोवर जपून वापरावे, एवढे त्यातून कळायला हवे. ‘सावधगिरीची सूचना’ लिहा. ‘संशय’ हा शब्द मात्र टाळा. चौकशीत लेखक निर्दोष ठरला तरी तो त्याच्या नावाला चिकटून राहतो.