महीतली मासळी गरोदर बाईने खावी का? (बडोदा)

राधिका_बडोदा:
माझ्या जावेला पाचवा महिना चाललाय. दीर सिंधरोटकडून महीची मासळी आणतात, कधी रोहू कधी मरळ, एकदम ताजी. शेजारच्या काकू म्हणाल्या नदीच्या माशात शिसं, पारा असतो, तेव्हापासून सासूबाईंनी घरात मासळीच बंद केलीय. पाणी तर दिसायला स्वच्छ आहे हो. हळद-मीठ चोळून धुतलं, नीट शिजवलं तर जातं का हे? प्लीज सांगा.

तळ्याकाठचा:
ताई, धुऊन-शिजवून धातू जात नाही. पारा तर माशाच्या मांसातल्या प्रोटीनलाच चिकटलेला असतो, उलट शिजताना पाणी उडतं म्हणून ग्रॅममागे प्रमाण थोडं वाढतंच. आणि स्वच्छ पाण्यावर जाऊ नका, शिसं, कॅडमियम जास्त करून तळाच्या गाळात बसतात, पाण्याच्या सॅम्पलमध्ये फारसं काही येत नाही आणि त्याच जागच्या गाळात भरपूर निघतं. म्हणून मासा कुठला ते बघायचं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधे, मृगळ तळाशी. मरळ दुसरे मासे खाते, त्यांच्यातला पारा तिच्यात साठत जातो, जितकी मोठी आणि जुनी तितका जास्त. गरोदरपणात मोठी मरळ नकोच.

सुमेधा_के:
हे हलक्यात घेऊ नका. जपानात मिनामाताला 1956 मध्ये पाऱ्याचा आजार उघड झाला, तिथे आयांना फारसा त्रास दिसत नव्हता आणि बाळं मात्र मेंदूला इजा घेऊन जन्मली, कारण हा पारा वारेतून बाळापर्यंत जातो. पण म्हणून मासळी पूर्ण तोडणंही चूक आहे, बाळाच्या मेंदूला ती लागते. अमेरिकेत गरोदर बायकांना कमी पारा असलेली मासळी आठवड्याला साधारण 225 ते 340 ग्रॅम खा असंच सांगतात.
साफ करताना कल्ले, काळीज सगळं टाका. पोट फाडल्यावर पाठीच्या काट्याला आतून चिकटलेली काळपट लाल पट्टी दिसते ना, ती किडनी, ती सुरीने खरवडून काढा, कॅडमियम तिथे आणि काळजातच जास्त साठतं. शिसं हाडांत जातं, तेव्हा काट्यासकट चावून खायची बारीक मासळी आणि डोक्याचं कालवण सध्या राहू दे.

मांडवी_वाला:
दिरांना जागा नक्की विचारा. नंदेसरीच्या कारखान्यांकडून येणारी मिनी नदी महीलाच मिळते, त्या संगमाच्या खालचा मासा मी तरी घरात घेणार नाही. शहरातल्या विश्वामित्रीचा तर नावच काढू नका. आणि आपण मराठी लोकांनी गणपतीचंही बघायला हवं, भडक लाल-पिवळ्या रंगांत शिसं आणि क्रोमियम असू शकतं, तळ्यात विसर्जन केलं की ते गाळातच जाऊन बसतं. घरचा शाडूचा, बिनरंगी आणा, बादलीत विसर्जन करा.

राधिका_बडोदा:
दिरांना विचारलं, जाळं संगमाच्या खालीच लागतं म्हणे. मग नदीची बंद, शेततळ्यातला मध्यम कटला आणायला सांगितलाय. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या विचारतायत आजवर खाल्लं त्याचं काय?

सुमेधा_के:
घाबरू नका, पुढच्या चेकअपला डॉक्टरांना स्पष्ट सांगा काय काय खाल्लंय ते. रक्तातलं शिसं आणि पारा तपासता येतं, गरज वाटली तर ते लिहून देतील.